आत्याच्या तोंडून कळलेला गुडघा

उंटाबाईस,

हे पत्र मी टाकणार नाही, पण भांडायला तर हवं. तुझा गुडघा मोडला हे मला आत्याकडून कळावं? तीही चुकून बोलून गेली आणि मग जीभ चावली.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, बास्केटबॉलच्या पहिल्याच सामन्यात पडलीस, ऑपरेशन झालं. आईबाबांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत. मला मात्र दर रविवारी फोनवर बास्केट मोजून दाखवायचीस! आणि मी गाढव, इथे वेल्डिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगत सुटायचो. मिस्त्री म्हणायचा, "तुझी बहीण एक दिवस छताला डोकं आपटणार."

आत्या म्हणाली, तूच सगळ्यांना बजावलंस, "दादाला सांगू नका, तो काम टाकून पळत येईल." दोन-तीन कामं सोडली म्हणून मी काय कायमचा पळपुटा?

आज पुन्हा म्हणालीस, "दादा, जिंकलो!" मागे काहीतरी धाडकन पडलं, कुबडीच असणार. मी "शाब्बास" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग मिस्त्रीकडे सुट्टी मागायला निघालो आणि दारातूनच परत फिरलो. आलो असतो तर तुझंच खरं झालं असतं.

तुझा,
दादा