घोगरा आवाज

११ नोव्हेंबर १९९६
फार दिवस या पानांकडे फिरकले नाही, माफ कर. दिवसभर यंत्राशी बोलून घरी आलं की शब्दच उरत नाहीत. मी मराठीत बोलायचं, यंत्राने तेच कन्नडमध्ये बोलून दाखवायचं. पण त्याला कळतो फक्त माझा आवाज, कारण वर्षभर मीच त्याला शिकवते आहे. लॅबमधली प्रणिता बोलली की ते मुकं.

शुक्रवारी डॉक्टर हयवदन ते पाहायला येणार. सीमाभागातल्या त्यांच्या इस्पितळात पेशंट मराठी बोलणारे, डॉक्टर कन्नड. त्यांनी यंत्र घेतलं नाही तर मार्चमध्ये आमची लॅब बंद.

"बाकीचे आवाज नंतर शिकवू," आमचे लॅबप्रमुख कृष्णमूर्ती सर म्हणाले. शिकवता येतील. येतील ना?

१२ नोव्हेंबर
माझ्या घशावर पहारा बसलाय. दही बंद, आइस्क्रीम बंद. लॅबमधला शिवकुमार घरून थर्मासमध्ये मिऱ्यांचं सारू आणतो. "अक्का, तुमचा घसा म्हणजे आमचा पगार." सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा. त्याची बायको दिवसांत आहे.

१३ नोव्हेंबर
मल्लेश्वरमला बसची वाट पाहताना उसाचा रस प्याले – बर्फ घालून. तहान लागली होती म्हणून? की मुद्दाम? खरं काय ते मलाच सांगता येत नाही.

१४ नोव्हेंबर
घसा बसला. यंत्रापुढे म्हटलं, "पोटात दुखतंय." गप्प. सावकाश, पुन्हा म्हटलं. गप्प. वर्षभर ऐकलेला आवाज!

सरांनी डॉक्टरांना फोन लावला. "स्वल्प अडचण आहे, सर. इथे वीज नाही. सोमवारी या." मी शेजारीच उभी होते. डोक्यावर पंखा फिरत होता.

फोन ठेवून मला म्हणाले, "सोमवारपर्यंत बऱ्या व्हा, मॅडम. सरी? ठीक?"

मी मान हलवली. का हलवली?

१५ नोव्हेंबर
आवाज अजून घोगराच. शिवकुमारने आज दोन थर्मास आणले. त्याच्याकडे बघवेना.

नुसता घसा बसला तर यंत्र मला ओळखेना. इस्पितळात त्याच्यापुढे कोण बोलणार? धापा टाकणारे, कण्हणारे, तापाने घसा सुकलेले. धडधाकट आवाजाचा माणूस तिथे येईलच कशाला?

उद्याचं काम: घसा सुटायच्या आत डॉक्टर हयवदन यांना लॅबमध्ये बोलावून घेणे.