पाकट, कोळी आणि माझी कायम नोकरी

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळा. आतोबांचा खोकला आता कसा आहे?

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मंगळवारी नव्हतं. दोन वर्षं हंगामी शिक्षिका म्हणून काढल्यावर कायम होण्यासाठी त्या दिवशी माझा नमुना पाठ होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई आणि तपासनीस (हे गृहस्थ जांभईसुद्धा वहीत टिपून ठेवत असावेत). मी विषयाची चिठ्ठी उचलली, तर 'पाकट मासा आणि कोळी यांची तुलना'! समुद्रतळाशी चादरीसारखा पसरणारा मासा कुठे आणि छतावरचा तो किडा कुठे! (कोळी कीटक नव्हे, हे मला पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांनी तपासनिसांदेखत सांगितलं.)

तरी मी रेटलं. पाकटाचं विष शेपटीच्या काट्यात, कोळ्याचं दातांत. पाकटाला डोळे दोन, कोळ्याला बहुधा आठ. तेवढ्यात दोन वेण्यांनी विचारलं, "बाई, दोघांचं भांडण झालं तर कोण जिंकेल?"

"अगं, ते कधी भेटणारच नाहीत."

"मग तुलना कशाला करायची?"

तपासनिसांनी पहिल्यांदाच मान वर केली. मी उत्तर शोधायला छताकडे पाहिलं, तर तिथून एक खराखुरा कोळी धाग्याला लोंबकळत माझ्या नाकासमोरून थेट पायांपाशी उतरला. उंचावरून शिकवलेलं मागच्या बाकांनाही दिसतं, म्हणून मी टेबलावर चढले आणि तिथूनच ओरडले, "दोघांत एक साम्य आहे! दोघांच्याही अंगात एकही हाड नाही! पाकटाचा सांगाडा कानाच्या पाळीसारखा लवचिक, कोळ्याचं कवचच बाहेर!" (माझ्याही पायांत तेव्हा हाडं नव्हती.)

वर्ग टाळ्या वाजवू लागला. तपासनीस पोट धरून हसले, म्हणाले, "बाई, हा पाठ मुलं जन्मात विसरणार नाहीत." आत्या, मी कायम झाले!

तुझी लाडकी भाची

ता. क. टेबलावर चढण्यामागे शिकवण्याचा काही हेतू नव्हता. हे बाबांना सांगू नकोस.

ता. ता. क. माझी 'आवड' पाहून मुख्याध्यापिकाबाईंनी प्रयोगशाळेतली कोळ्यांची काचपेटी माझ्याकडे सोपवली आहे. दर शुक्रवारी साफ करायची. तू कोळी ओंजळीत धरून खिडकीबाहेर सोडतेस, असं बाबा सांगतात. गुडघा बरा असेल तर गुरुवारी संध्याकाळी येशील का? नसला तरी ये, पेटी टेबलावरच असते, वाकावं लागणार नाही.