काक्षीकडे टक

२८ नोव्हेंबर १९७१
आलो एकदाचे कलकत्त्याला! ह्यांची बँकेतली बदली कळली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण बेहाला भागातली ही वरच्या मजल्यावरची जागा झकास आहे. दारालगत गच्ची. सात वर्षांची आमची शकुन दिवसभर तिथेच बागडते. घरमालक श्यामराव खाली एकटे राहतात. निवृत्त मास्तर, जन्म इथलाच, मराठी बोलतात ते बंगाली वळणाने.

६ डिसेंबर
लढाई सुरू झाली, ब्लॅकआउट आहे. खिडक्यांना काळे कागद चिकटवून जीव दमला. पण गच्चीवरून चांदण्या काय दिसतात! श्यामरावांना ताऱ्यांचं तेज जोखायचा छंद. मृगातला काक्षी हा तांबडा राक्षसी तारा फुगतो, आकसतो, म्हणून त्याचं तेज कमीजास्त होतं म्हणे. ते शेजारच्या रोहिणी ताऱ्याशी ताडून पाहायचं. मात्र एक नजर टाकून लगेच वळायचं; टक लावली की तांबडा तारा डोळ्यात साठत जातो. हे इतकं खेकसून सांगितलं, जशी काही मी त्यांच्या वर्गातली ढ मुलगी!

८ डिसेंबर
मुद्दाम टक लावली. शकुनशी पैज, पापणी न लववता कोण जास्त वेळ बघतं. तीच जिंकली. तारा खरंच मोठा झाला.

१० डिसेंबर
शकुन पांढरीफटक पडली आहे. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी. संध्याकाळी गच्चीवरून हलत नाही. काक्षी आज रोहिणीपेक्षा कितीतरी तेजस्वी, आणि मी तर एकच नजर टाकली होती.

१३ डिसेंबर
श्यामरावांना जाब विचारला. त्यांची बायको अशीच बघत बघत गेली म्हणे. तो तारा एका वेळी एकालाच धरतो, जो जास्त वेळ बघेल त्याला. बजावलं होतं, आता तुमचं तुम्ही निस्तरा म्हणाले, आणि दार लावून घेतलं. मेला थेरडा!

१५ डिसेंबर
गच्चीला कुलूप घातलं. शकुन भिंतीकडे बघते — बरोबर त्याच दिशेला. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुला वेड —
तिची पापणी लवतच नाही.

१७ डिसेंबर
लढाई संपली. दिवे लागले, गल्लीत फटाके. आकाशात एक चांदणी दिसत नाही. तो दिसतो.
एकालाच धरतो. जास्त वेळ बघेल त्याला —
कुलूप काढलं. वहीकडे न बघता लिहिते आहे. माझ्याकडे बघ रे मेल्या, पोरीला सोड —
आतून शकुनची हाक. भूक लागली म्हणते. लागली गं बाई, भूक लागली तिला! हे आहेत आत, वरण गरम करून देतील. मला मान वळवता —