मोडलेल्या नांग्या

रविवार, संध्याकाळ. थाटीपूर.

कोकणातून येऊन आठवडा झाला, तरी ते खेकडे डोक्यातून जात नाहीत. समुद्रावर माझ्या दिरांनी मुलांना खेकडे पकडायला शिकवलं, आणि चावू नयेत म्हणून नांग्या मोडून दिल्या. माझी रेवा त्यांना बोटाने डिवचत किती हसत होती.

आज गच्चीवर तिने धाकट्या बहिणीचे, मिनूचे हात ओढणीने बांधले होते. मिनू ओरबाडते म्हणून. गालात बोट खुपसत इथल्या हिंदीत म्हणत होती, "अब नोच के दिखा." मिनू रडून थकली होती. मी रागावले, तर रेवा शांतपणे म्हणाली, "काकांनी तर मोडल्या होत्या. मी फक्त बांधले."

दिरांना फोन केला. कशासाठी केला? ते म्हणाले, "वहिनी, हुशार आहे हो पोर," आणि हसत राहिले. फोन स्पीकरवर होता. रेवाही हसली.