फुकट विजेची योजना मला पुन्हा कधीही न विकण्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
राज्य वीज ग्राहक कार्यालय,
ऑस्टिन, टेक्सस.

विषय: 'ठरावीक वेळ वीज फुकट' अशी कोणतीही योजना मला आजन्म देऊ नये, असे सही-शिक्क्याचे पत्र मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयातील बाईंशी दि. २८ जुलै रोजी फोनवर झालेले बोलणे.
२) माझ्या पत्नीने फ्रिजवर चिकटवलेला कागद.

महोदय,

मी खाली सही करणार अल्विन क्युबेना, वय ७२, राहणार एल कॅम्पो, आपणास सविनय कळवितो की,

१. मी एकतीस वर्षे येथील भातगिरणीत वजनकाट्यावर होतो. माझ्या काट्याबद्दल एकाही शेतकऱ्याची तक्रार नाही. हे सांगण्याचे कारण, मला हिशेब येत नाही असा आपला समज होऊ नये.

२. दोन वर्षांपूर्वी मी रात्री फुकट विजेची योजना घेतली. पत्नी सौ. जॉर्जीन हिने वर्षभर नऊनंतर कपडे धुतले, मग एक दिवस म्हणाली, "बंद कर हे, नाहीतर मी तुलाच त्या मशीनमध्ये घालीन." मी तिच्यासमोर कंपनीला फोन लावला व योजना बंद केली. फोनवरच्या मुलीने लगेच शनिवार-रविवार फुकट अशी दुसरी सांगितली. ती मी घेतली. जॉर्जीनला दोन आठवड्यांनी सांगितले.

३. या योजनेने पैसे वाचतात काय, या प्रश्नाचे उत्तर आता मी छातीठोकपणे देऊ शकतो. वाचत नाहीत. दोन दिवस फुकट, म्हणून उरलेल्या पाच दिवसांचा दर जवळपास दुप्पट. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एसी बुधवारीही लागतो, फ्रिज तर रोजच. शेजारचे अर्नेस्ट यांचे घर आमच्याएवढेच, योजना साधी. अकरा महिन्यांत त्यांच्यापेक्षा माझे दोनशे अठरा डॉलर जास्त गेले. ते सोमवार ते शुक्रवार गारव्यात बसले, आम्ही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो. हे मला तिसऱ्या महिन्यातच कळले होते. मी बोललो नाही. काट्यावरच्या माणसाला आपलेच माप चुकले म्हणणे फार जड जाते, महोदय.

४. आता मूळ गाऱ्हाणे. अर्नेस्ट यांची पत्नी एव्हलिन, जॉर्जीनची शाळेपासूनची मैत्रीण, दि. १४ जुलै रोजी, सोमवारी वारली. दफन गुरुवारी ठरले. आमच्या चर्चमध्ये दफनानंतरच्या जेवणासाठी जवळच्या बायका आदल्या दिवशी कोलाचे, म्हणजे मध्ये फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव, भाजतात. एव्हलिनने आजारपणात जॉर्जीनकडून कबूल करून घेतले होते, "माझ्या वेळी जर्दाळूचेच कर हं, आणि दुकानातले आणलेस तर बघ!" दहा डझन, म्हणजे बुधवारी दिवसभर ओव्हन. जॉर्जीन पीठ मळत होती. मी बैठकीतून अर्नेस्टना फोन केला व दफन शनिवारी ठेवता येईल काय, असे विचारले.

होय, महोदय, मी हे विचारले. कारणही सांगितले.

अर्नेस्ट म्हणाले, "अल्विन, ती गेली रे. शनिवारपर्यंत थांब म्हणून तिला सांगायचं राहूनच गेलं माझ्याकडून."

मी वळलो तर जॉर्जीन दारात उभी होती, हात पिठाने भरलेले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने पातेले उचलले, अर्नेस्टकडे गेली आणि एव्हलिनच्याच ओव्हनमध्ये दहाही डझन भाजले. शुक्रवारी ती हॅलेट्सव्हिलला बहिणीकडे निघून गेली. फ्रिजवर कागद होता: "तुझ्या घरात मी फक्त शनिवार-रविवारची बायको आहे. पाच दिवस परवडत नाही तुला."

५. त्यानंतरच्या सोमवारी मी दंड भरून योजना मोडली व साधी घेतली. फोनवर सांगितले तर जॉर्जीन म्हणाली, "मागच्या वेळीही मोडलीच होतीस ना?" काल, पहिले तीन महिने पंखे फुकट चालतील असे सांगणारा एकाचा फोन आला. मी नको म्हणालो, परंतु त्याआधी पेन हातात घेतले होते. हेही लपवीत नाही.

६. असे पत्र देण्याची पद्धत नाही, असे आपल्या बाई म्हणाल्या. मान्य. परंतु माणूस स्वतःहून जुगाराच्या अड्ड्यात स्वतःला बंदी घालून घेऊ शकतो, असे ऐकतो. मग मला का नाही? माझे नाव, पत्ता, मीटर क्रमांक लिहून घ्या आणि राज्यातल्या सगळ्या कंपन्यांना कळवा की या म्हाताऱ्याला फुकट काही विकू नका.

दि. १४ ऑगस्टला एव्हलिनच्या महिन्याची प्रार्थना आहे. जॉर्जीन तेवढ्यापुरती गावात येईल व लगेच परत जाईल. त्याआधी पत्र निघावे, ही हात जोडून विनंती. एक्केचाळीस वर्षांत मी तिच्याशिवाय इतके दिवस काढलेले नाहीत. मला ते जमत नाही.

शिक्का देता येत नसेल तर साध्या कागदावर दोन ओळी लिहा, पण आपल्या हाताने लिहा. माझे अक्षर ती ओळखते.

आपला नम्र आणि चुकलेला,
अल्विन क्युबेना
एल कॅम्पो, दि. २ ऑगस्ट

सोबत:
१) अकरा महिन्यांची बिले, माझी व अर्नेस्ट यांची (त्यांनीच काढून दिली).
२) योजना मोडल्याची पावती.
३) उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा. त्यावर पत्ता हॅलेट्सव्हिलचा आहे. कृपया मला पाठवू नये, तिला पाठवावे.