मिरदादचा डावा कान

१४ ऑगस्ट १९६१, सोमवार

आज गाडी फक्त तीन तास उशिरा! स्टेशनमास्तर स्वतःच येऊन सांगत होता, जणू बक्षीस मिळणार आहे.

गाडीतून एक बाई उतरली. चाळिशीच्या आतबाहेरची, हातात एकच पिशवी. सरळ दुकानात आली. मी पिठाचं पोतं शिवत होतो. ‘फोटोवाले झमानकाका तुम्हीच का?’ म्हणाली. आवाज ऐकला आणि सुई थांबली. असा घशातून येणारा आवाज मी एकाच माणसाचा ऐकलाय. म्हटलं, ‘तू मिरदादची पोरगी.’

ती दचकली. ‘माझं नाव नोरा. त्याचं नाव मी लावत नाही.’

मिरदादची नोरा! तीन वर्षांची असताना माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायाला मिठी मारून बसायची. त्याच साली तिचा बाप आईबापांना भेटायला समुद्रापार गेला, तो परत आलाच नाही. आता ब्रोकन हिल या खाणींच्या शहरात शिवणकाम करते म्हणे. कशाला आलीस विचारलं, तर म्हणाली, ‘त्या माणसाचं तोंड एकदा बघायचंय. आईने होता तो फोटो चुलीत घातला. तुमच्याकडे त्याची निगेटिव्हची काच असेल तर एक छापून द्या. बघीन, आणि स्वतःच्या हाताने फाडीन.’

मग पिशवीतून सरकारी पत्र काढलं, पण हातात दिलं नाही. तोंडी सांगितलं. सहा महिने लिहून लिहून मिळवलंय. १९२६ साली एक जण मिरदादचा या देशात परत येण्याचा कागद घेऊन बंदरावर उतरला. फोटोशी जुळला नाही. आल्या बोटीने परत पाठवला. ‘म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं, काका. बाबाने कागद विकला. तिकडे दुसरा संसार मांडला आणि आम्हाला विकून खाल्लं.’

मी म्हटलं, आधी जेव. चपात्या आणि मटण. गुमान जेवली. जेवताना बोटं बापासारखीच चाटते. सांगितलं नाही तिला.

१५ ऑगस्ट

मागच्या खोलीत काचांच्या एकोणचाळीस पेट्या. माझा मालक, फोटोग्राफर पिनकसाहेब गेला तेव्हा सगळ्या माझ्या गळ्यात मारून गेला. ‘झमान, हे वाळवंट मी तुला देतो’ म्हणाला. पगाराचं मात्र बोलला नाही!

चार पेट्या उघडल्या. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. मेंढ्यांच्या वाड्यावरची ती लग्नं. एका नवऱ्या मुलाला बूट नव्हते, म्हणून पिनकने फोटोत सगळं वऱ्हाड गुडघ्यापर्यंत कापलं. पोलीस आणि त्याचा कांगारू. आणि तो पडदा! तळं, हंस, हिरवीगार झाडं. पिनकने शहरातून रंगवून आणलेला. सात वर्षं पाऊस न बघितलेली माणसं त्या तळ्यापुढे अशी ऐटीत उभी राहायची, जशी आत्ताच पोहून आलीत. एक म्हातारी पडद्याला हात लावून बघायची. ओला आहे का म्हणून.

आम्ही तिघं हिंडायचो. साहेब, मी आणि मिरदाद. उंट मिरदादचे. काचा त्याच्या सगळ्यात म्हाताऱ्या सांडणीवर, आणि अंडी माझ्या उंटावर. म्हणायचा, ‘अंडी फुटली तर झमान रडेल, काचा फुटल्या तर साहेब रडेल. साहेबाचं रडणं ऐकवत नाही.’ उत्तरेला चारशे मैल गेलो-आलो, एक काच तडकली नाही. अंड्यांचं विचारू नये.

पाण्याची काय तारांबळ! विहिरीचं पाणी खारट. त्यात काच धुतली की पांढरे डाग, माणसाला देवी आल्यासारखे. मग इंजिनाच्या टाकीतलं पाणी मागून आणायचं. ड्रायव्हरला दर डब्याला एक फोटो. त्याच्या बायकोचे चौदा फोटो झाले तेव्हा ती म्हणाली, आता पुरे, पाणी तसंच द्या!

मिरदाद अजून सापडला नाही.

१६ ऑगस्ट

वारा. लाल धूळ. पेट्या उघडणं शक्य नाही. नोरा काऊंटरमागे बसून माझे तीन सदरे शिवून मोकळी झाली. मी नको म्हटलं तर म्हणते, ‘फोटोचे पैसे घेणार नाही म्हणालात ना? मग गप्प बसा.’

१७ ऑगस्ट

तिला रुळांपलीकडे घेऊन गेलो. तिचं घर होतं ती जागा दाखवली. पत्रे गेलेत, खजुराची दोन झाडं उरलीत. ती मिरदादनेच लावलेली. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ‘आई दर गाडीला स्टेशनवर यायची, आठवतं?’ एवढंच विचारलं.

आठवतं. निळा झगा. गाडी रिकामी झाली तरी उभी असायची. नंतर कुणीतरी ‘कागद विकला’ असं उठवलं आणि तिची आई एलन यायची थांबली. मग गावच सोडलं तिने.

रुळांच्या पलीकडे आम्ही उंटवाले, अलीकडे गोरे. पलीकडून अलीकडे दुकान थाटायला मला एकोणीस वर्षं लागली. चालत गेलं तर दोन मिनिटं.

१८ ऑगस्ट

सापडला!!

एकतिसावी पेटी. सरकारी कामाच्या काचा तिच्यात निघाल्या. त्या काळी आमच्यातला, म्हणजे बाहेरून आलेल्या उंटवाल्यांतला कुणी आईबापांना भेटायला समुद्रापार निघाला, तर परत यायला कागद लागायचा. त्यावर दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. मागे पंजाचा ठसा. कागद जुळला तर आत, नाहीतर आल्या वाटेने बाहेर. ते फोटो पिनक काढायचा. १९२४, क्रमांक सतरा. मिरदाद, समोरून. मिरदाद, डाव्या बाजूने. दोन्ही एकाच काचेवर.

उजेडात धरला. काय रुबाब! फेटा डोक्याच्या मागे सरकवलेला, साहेबाने कान दिसू दे म्हटलं म्हणून. असं वाटलं, आता वळेल आणि म्हणेल, ‘फोटोवाल्या, संपलं की नाही? मान आखडली.’

दोन्ही छापले. पाणी टाकीतलंच वापरलं. हल्ली पावसाचं मिळतं, पण मिरदादला टाकीतलंच बरं.

नोराला उद्या देतो. नीट वाळू देत.

१९ ऑगस्ट, सकाळ

राहवलं नाही. फोटो घेऊन आधी जंगीबाबाकडे गेलो. नव्वदीचा असेल. उंट हाकणाऱ्यांतला शेवटचा. खजुराखाली पाय पसरून बसलेला. फोटो नाकाला लावून बघितला आणि असा हसला की खोकला लागला.

‘हा मिरदाद? अरे, मग कान कुठून आणला याने?’

मीही हसलो. विसरलोच होतो! माजावर आलेल्या उंटाने मिरदादचा डावा कान खाल्लेला, वरची अर्धी पाळ गायब. एलनला कागदावरच्या फोटोचीच एक प्रत हवी होती. मिरदाद म्हणाला, ‘तिच्या फोटोत तरी धड दिसू दे, यार. एरवी चहा देताना ती उजव्या बाजूने येते.’ मग मी काचेवर पेन्सिल चालवली. तेव्हा बावीस वर्षांचा होतो, हाताला सफाई नुकतीच आलेली. खिडकीशी बसून अख्खी दुपार, सुईसारखं टोक काढून, केसाएवढ्या रेघा. दोन्ही फोटोंत कान भरला. पिनकलाही ओळखू आला नाही. मिरदादने फोटो बघून स्वतःचा कान चाचपला! ‘परत आला की रे!’ म्हणून मला उचलून गरागरा फिरवलं.

जंगीबाबा म्हणाला, ‘पोरा, तुझ्यासारखी पेन्सिल देवाकडे नाही.’

तेव्हापासून खुशीत आहे.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

नोराला फोटो दिले. मला वाटलं रडेल. रडली नाही. समोरचा बाजूला ठेवला, बाजूचा खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. मग पत्र काढून माझ्यापुढे उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘हे बघा. बंदरावर आला त्याचा डावा कान फाटलेला, असं लिहिलंय. फोटोत कान अखंड, सबब हा इसम तो नव्हे. आणि आता हा फोटो बघा, काका. बाबाचा कान किती छान आहे.’

मी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

‘मला कुठेतरी आशा होती,’ ती म्हणाली. ‘वाटलं, सरकारचीच काहीतरी चूक असेल. पण तुमचाच फोटो साक्ष देतोय. विकलाच त्याने.’

मी विचारलं, चहा घेतेस?

एवढंच बोललो मी. चहा घेतेस!

२० ऑगस्ट

दुकान उघडलं नाही.

काच एकच होती. तिच्यावरूनच एलनची प्रत छापली, तिच्यावरूनच सरकारची. वेगळी काढायला साहेब काचेचे पैसे मागायचा, म्हणून आम्ही काढली नाही.

पंजाचा ठसा होता की कागदामागे! उलटून कुणी बघितला नाही. असं मी स्वतःला सकाळपासून सांगतोय. खरंही आहे. पण कान मी भरला.

तो दोन वर्षांनी आला होता. बोटीतून उतरला होता. बंदरावरच्या साहेबापुढे उभा राहून सांगितलं असेल, मीच तो, मीच मिरदाद. आणि साहेब फोटो दाखवत असेल. मग मिरदादने कान चाचपला असेल. माझं नाव घेतलं असेल का? शिवी दिली असेल का? द्यायला हवी होती.

नोरा उद्याच्या गाडीने जाते. फोटो अजून फाडलेला नाही. म्हणाली, घरी जाऊन, आईच्या चुलीसमोर.

गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? जंगीबाबा उद्या विसरेल. गाव मला भला माणूस म्हणतं. माझा फोटोही नेहमी उजवीकडूनच काढला गेलाय, म्हणायचा.

२१ ऑगस्ट, सोमवार

गाडीला दोन तास होते. नोराला मागच्या खोलीत बोलावलं. काच खिडकीला टेकवली, टर्पेंटाईनचा बोळा घेतला आणि तिच्यासमोर कानावरून फिरवला. एकदा. दोनदा. सदतीस वर्षांची पेन्सिल बोळ्याला आली. कान गेला. मग सगळं सांगितलं. कोणी केलं, का केलं. मान वर केली नाही.

शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

ती काचेजवळ गेली. फाटक्या कानावर बोट ठेवलं, अगदी हलकं, दुखेल म्हणून ठेवतात तसं.

‘म्हणजे बाबा आले होते,’ ती म्हणाली.