गाडी लई भारी हाय, फकत चालवायची न्हाय

डाळज,
सोमवार

आदरणीय सद्दामभाईंना धाकट्या बहिणीचा, अनिसाचा, सलाम. तुमची तब्येत बरी असेल, पोरांचा खोकला थांबला असेल आणि लोणी देवकरला कारखान्यात तुम्हाला दिवसपाळी लागली असेल, अशी दुआ करते. इकडं आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल नाही. पत्र पाहून नवल वाटेल, पण तीन आठवड्यांत मी तुम्हाला एकोणीस वेळा फोन केला आणि तुम्ही एकदाही उचलला नाही. पत्र वाजत नाही, त्यामुळं ते कट करता येत नाही.

आम्ही काय मागितलं होतं, भाई? ह्यांना (म्हणजे रमजानना, नवऱ्याचं नाव लिहू नये म्हणतात, पण हा राग वेगळा आहे) रोज भिगवणहून बारामतीला मासळी न्यायला एक गाडी. साधी, शंभर सीसीची, नवी. मी शोरूममधून किमतीचा कागदसुद्धा आणला होता. तर तुम्ही म्हणालात, "अनिसा, नवी गाडी दाराभाईर काढली की तिची किंमत पडती. जुनी घ्यावी, पण खानदानी घ्यावी." आणि तुमच्या ओळखीच्या एका साहेबाची ती काळी, रेड्यासारखी मोटारसायकल दाखवलीत. तुमची तपासणी मी शेजारी उभी राहून पाहिली आहे. टाकीत तोंड पाहून भांग सारखा केलात, अॅक्सिलेटर पिळलात, डोळे मिटून आवाज ऐकलात आणि निकाल दिलात, "धा वर्षं पान्हा लागणार न्हाय." चेन बघितली नाही, टायर बघितला नाही. एवढी खानदानी गाडी साहेब विकतोय कशाला, असं मी विचारलं, तर तुम्ही आणि हे एकमेकांकडं बघून हसलात. बायकांना काय कळतंय, असं ते हसणं होतं.

पान्हा दुसऱ्याच जुम्म्याला लागला. आधी क्लचप्लेट, मग चेन, मग बॅटरी. पेट्रोल तर अशी पिते की पंपावरचं पोरगं ह्यांना लांबूनच सलाम करतं. लिटरला अठ्ठावीस किलोमीटर (तुम्ही पन्नास सांगितले होते, उरलेले बावीस कुठं गेले ते साहेबाला विचारा). पार्ट ना भिगवणला मिळतो ना बारामतीला. तो पुण्याहून येईपर्यंत मासळी टेम्पोनं जाते, म्हणजे टेम्पोचं भाडं वेगळं आणि दारातल्या रेड्याचा चारा वेगळा. शेवटी मी स्वतः अविराज मेस्त्रीकडं गेले. तो हात पुसत म्हणाला, "वैनी, गाडी लई भारी हाय, फकत चालवायची न्हाय." मग तिचं करायचं काय? तर म्हणे, "दारात लावायची. शोभा येती."

इथवर मी गप्प होते. पण मागच्या गुरुवारी बारामतीच्या राजलक्ष्मीताईंच्या प्राचीचं लग्न होतं. नवरीचं ब्लाऊज मी शिवलं होतं, पाठीवर पूर्ण जरीकाम, आठ दिवसांची मेहनत. मुहूर्त साडेअकराचा. मी बसनं निघाले होते, तर हे म्हणाले, "गाडी आत्ताच दुरुस्त झालीय, बस मागं." मागं मासळीचा क्रेट, मध्ये मी, मांडीवर ब्लाऊजची पिशवी. मदनवाडीच्या पुढं रेडा एकदा खोकला आणि मेला. ऊन चढलेलं, बर्फ वितळून माझ्या पाठीवर गळतोय, आणि हे गाडीच्या टाकीवर हात फिरवत म्हणतात, "गरम झाली असंल बिचारी." बिचारी! आठ वर्षांच्या संसारात मला कधी बिचारी म्हटलं नाही.

तेवढ्यात डेअरीला दूध घालून परतणारे भीमाआबा थांबले. त्यांची गाडी तुम्ही पाहिली तर नाक मुरडाल. सीट सुतळीनं बांधलेलं, आरसा एकच. आबांनी रिकाम्या किटल्या उतरवून ह्यांच्या ताब्यात दिल्या, गाडी उलटी फिरवली आणि म्हणाले, "बस पोरी. हिच्यात मोडण्यासारखं कंपनीनं काय ठेवलंच न्हाय." खरंच नव्हतं. कार्यालयात पोहोचले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नवरी खांद्यावर शाल घेऊन रडत होती आणि राजलक्ष्मीताई माझं नाव घेऊन काय बोलत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. राहिलेले हुक मी ब्लाऊज प्राचीच्या अंगावर चढवूनच शिवले. धंद्यात बाईचं नाव एकदा गेलं की परत येत नाही. माझं वीस मिनिटांनी वाचलं.

परत आले तर काय! ह्यांनी रस्त्याच्या कडेलाच जवळजवळ सगळी मासळी विकली होती. वर मलाच सांगतात, "बघ, गाडी बंद पडली म्हणून धंदा झाला." लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्यावर ओरडले, तेही भर रस्त्यात. शेवटचा कटला मासा घ्यायला थांबलेल्या माणसानं घासाघीससुद्धा केली नाही, पैसे ठेवून निघून गेला. मी म्हटलं, घरात आता एकच मशीन राहील, माझं नाहीतर तुमचं. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवली. तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं की राग टिकवायला मला मेहनत घ्यावी लागली. तुमच्यावरचा मात्र आपोआप टिकला.

भाभींना सलाम, पोरांना एकेक चॉकलेट, तुम्हाला काही नाही.

तुमचीच (इलाज नाही म्हणून),
अनिसा

ता. क. गाडी विकली. नवी शंभर सीसीची ठरवली आहे, माझ्या नावावर, आणि मला ती चालवायची आहे. हे शिकवायला लागले की पहिल्याच गिअरला ओरडतात. तुम्ही मला सायकल शिकवलीत तेव्हा एकदाही पडू दिलं नव्हतं. तुम्हाला गाडी ओळखता येत नाही, पण शिकवता येतं. रविवारी या. मटण करते.

आणखी एक. रेडा घेतला तो भाभींच्या भावानं, अनसनं. मी एकूण एक दोष मोजून सांगितला, अल्लाशप्पथ. पण "सद्दामभाईंनी पसंत केलेली" एवढंच त्याला ऐकू गेलं. परवा तो तीच घेऊन भाभींना वालचंदनगरला माहेरी न्यायला येतोय. भाभींना सांगा, चपला चालायच्या घाला.